अलगदताई

माझ्या नणंदेला सगळी गल्ली अलगदताई म्हणते. हे नाव कुणी लाडाने ठेवलेलं नाही. लहानपणी शाळेच्या रांगेत, जिन्यात, दुकानात कुणी अंगावर यायला लागलं की ती आधीच म्हणायची, "अलगद हं, अलगद." पोरांना तेवढंच पुरलं. ती दिसली की दोन्ही हात वर धरून, चवड्यांवर चालत पोरं ओरडायची, "अलगद आली, बाजूला व्हा!" पुढे त्या पोरांना मिशा फुटल्या, त्यांची लग्नं झाली, आणि नावामागे 'ताई' लागलं. ताई म्हटलं की मागचं सगळं धुऊन निघतं असं लोकांना वाटतं.

मी हे रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. भावजय नणंदेबद्दल रागाने लिहिणार म्हटलं की माणसं खुर्ची पुढे ओढून बसतात. बसा खुशाल. पण माझा राग तिच्यावर नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा घरात तीन माणसं होती: सासूबाई, माझा नवरा आणि त्याची ही मोठी बहीण. तिघांच्याही अंगावर जखमा होत्या आणि प्रत्येक जखमेची गोष्ट वेगळी होती. नणंदेची बोटं आखडलेली, कातडी चकचकीत, गुलाबी-पांढरी, आणि एकाही बोटाला धड नख नाही. का, तर लहानपणी भाजली होती. सासूबाईंच्या दोन्ही नडग्यांना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पट्ट्या. का, तर वय झालं, पायांत रक्त साचतं. नवऱ्याच्या पायांच्या बोटांना नखं नव्हती आणि टाचांवर जुने वण होते. का, तर कॉलेजात घट्ट बूट घालून फुटबॉल खेळायचा. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. आणि घरात एकाच खोटेपणाच्या तीन आवृत्त्या रोज डोळ्यांसमोरून जात होत्या, त्यातली मला एकही पकडता आली नाही.

तिघांना आजार एकच होता. जन्मापासूनचा, आईबापाकडून मुलांकडे येणारा. आपल्या कातडीचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, यांचे नसतात. जरा घासलं, जरा ओढलं की वरचा थर सुटतो आणि तिथे पाण्याचा फोड येतो. फोड फुटतो, जखम होते, जखम भरली की वण राहतो, आणि पुढचा फोड त्या वणावरच येतो. कुणाला थोडं असतं, कुणाला फार. नवऱ्याला पायांपुरतं होतं, सासूबाईंना गुडघ्यांखाली, आणि नणंदेला हात, कोपरं, गुडघे, पाठ, सगळीकडे. शिवल्याने हा आजार कुणालाही होत नाही. इतकं साधं आहे हे. आणि इतकं साधं सांगायला त्या घरात कुणाला तोंड नव्हतं.

"घरातलं घरात," सासूबाई म्हणायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा मंत्र. त्या मुठीत कुणाचा जीव गुदमरतोय याची चौकशी करायची नाही.

रोज सकाळी घर जागं व्हायच्या आत नणंद पाणी गरम करायची. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या, पाय टबात. पट्ट्या भिजून आपोआप सुटेपर्यंत ती समोर स्टुलावर बसून राहायची. "ओढायचं नाही, सुटू द्यायचं," हे तिने मला पुढे शिकवलं. नवा फोड आला असेल तर स्वच्छ केलेली सुई कडेने टोचून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच राहू द्यायची. मग मलम, मग न चिकटणारी जाळी, मग वरून मऊ कापडाची गुंडाळी. "हळू गं! कातडं आहे, कापड नाही," सासूबाई तिच्यावर डाफरायच्या. ज्या बोटांवर डाफरायच्या त्या बोटांनाही पट्ट्याच होत्या. माझा नवरा तेव्हा पलीकडे चहा पीत फोन बघत असायचा. त्याला म्हणे रक्त बघवत नाही. हळवा आहे.

मी पहिल्यांदा या घरी आले, लग्न ठरायचं होतं तेव्हा, सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "मुलाला तळहाताच्या फोडासारखं जपलंय मी." त्या वेळी आतून भांड्यांचा आवाज येत होता. आत जी भांडी घासत होती तिच्या तळहातांना खरोखरचे फोड होते, आणि ते कुणीही जपत नव्हतं. आपल्या भाषेत ही म्हण सगळेच वापरतात, मीही वापरायचे. आता माझ्यासमोर कुणी वापरली की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

नणंद शिवणकाम करते. मोठ्या रस्त्यावर बायकांचे कपडे शिवणारं दुकान आहे, त्यात ती शाळा सोडल्यापासून आहे. तिच्या कात्रीच्या मुठीला मऊ कापड गुंडाळलेलं असतं, मशीन मोटारीवर चालतं, आणि अंगठ्याला ती पट्टी बांधूनच कामाला बसते. तिचे स्वतःचे कपडे ती उलटे शिवते, म्हणजे शिवणी बाहेर आणि गुळगुळीत बाजू अंगाला. शिवणीची कड दिवसभर घासली की संध्याकाळी काखेत फोड. बाहेर जाताना त्यावर एक ढगळ जाकीट घालते. त्यावरूनही लोक हसतात. हसणाऱ्यांना काय, दात दाखवायला निमित्त लागतं.

ती आधी दुकानात पुढे बसायची, मापं घ्यायची. एकदा एका बाईच्या खांद्यावर तिने टेप ठेवली, बाईने तिचे हात पाहिले आणि अंगावर पाल पडल्यासारखी किंचाळली. "हे काय आहे? मला रोग लागेल ना!" दुकानाच्या मालकाला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी त्या बाईची माफी मागितली. नणंदेची नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनसमोर पडदा लागला. "तुझ्या कामात खोट नाही गं," मास्तर म्हणाले, "पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक." तेव्हापासून ती पडद्यामागे शिवते आणि तिने शिवलेलं बाहेर मास्तर आपल्या हाताने देतात. त्या किंचाळणाऱ्या बाईचे कपडे आजही तीच शिवते. बाईला ठाऊक नाही. मला मात्र ठाऊक आहे, आणि ती बाई रस्त्यात दिसली की माझ्या जिभेला खाज सुटते.

दुकानासमोर एका घड्याळजीचं दुकान आहे. हा माणूस तेव्हा एकटा होता आणि त्याच्या कोटाची बटणं फार तुटायची. एका कोटाची बटणं किती वेळा तुटावीत? मास्तरांनाही शेवटी हसू यायला लागलं होतं. घड्याळजी पडद्याशी उभा राहून बोलायचा आणि पडदा कधी बाजूला करायचा नाही, तिने केला तरच. एक दिवस त्याने सरळ लग्नाचं विचारलं. तिच्या हातांबद्दल त्याला सगळं सांगून झालेलं होतं. तो म्हणाला होता, "मी दिवसभर नाजूक वस्तूच हाताळतो." ती घरी आली ती, तिच्याच शब्दांत, वेड्यासारखी हसत आली.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मग त्यांचं शास्त्र सांगितलं. "हे मुलींकडून जातं. माझ्या आजीकडून आईला आलं, आईकडून मला, माझ्याकडून तुला. मुलग्यांना लागलंच तर थोडंसं, आणि ते त्यांच्यापाशीच थांबतं. तू लग्न केलंस तर आणखी एक जीव भाजत ठेवशील. तुला हवंय ते?"

आपल्यासारखं मूल कुणाला हवं असतं? ज्याला शाळेत 'बाजूला व्हा' म्हणतील असं? तिने घड्याळजीला नाही म्हणून सांगितलं आणि कारण सांगितलं नाही. घरातलं घरात. त्याने वाट पाहिली, मग त्याने लग्न केलं. त्याची बायको चांगली आहे. माझी नणंद तेव्हापासून रस्त्याच्या अलीकडच्या बाजूनेच चालते.

आणि मुलाचं लग्न? ते झालं की थाटात. त्याच्याकडून जात नाही ना! मग मला सांगायचं तरी कशाला? आमच्या सासूबाईंनी चार पिढ्या मोजून अकलेचा हा तारा तोडला होता, आणि मोजल्या होत्या फक्त बायका. त्यांच्या मामालाही पाय गुंडाळून ठेवायची सवय होती, हे मला मागाहून कळलं. मामा त्यांनी मोजलाच नव्हता.

मला दिवस गेले. नणंदेने बाळाचे कपडे शिवायला घेतले. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाची झबली, आणि सगळी उलटी, शिवणी बाहेर. मी हसले. म्हटलं, "ताई, बाळाला पण तुमचीच फॅशन?" तिने तोंड उघडलं, मग स्वयंपाकघराकडे बघितलं. तिकडे सासूबाई होत्या. "टोचत नाही असं," ती म्हणाली आणि खाली मान घालून टाके घालायला लागली. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं, स्वतःला मूल नाही म्हणून भरून आलं असेल. बायका बायकांबद्दल काय काय गृहीत धरतात.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी, ठरल्या दिवसाच्या थोड्या आधी. गाडी बोलावली. मागे मी आणि नणंद, सासूबाई माझ्या दुसऱ्या बाजूला, नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी. पहिल्या सिग्नललाच नणंद म्हणाली, "मी हिला सांगणार आहे."

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या.

"नाही बसणार. ऐक गं," ती माझ्याकडे वळली. "मी भाजले नव्हते. हे जन्माचं आहे. आईलाही तेच आहे, आणि त्यालाही. बाळाला असलं तर... मला आमची आत्या सांगायची, मी जन्मले तेव्हा दाईने मला टॉवेलने पुसलं आणि पाठीची कातडी टॉवेलबरोबर आली. बाळाला घासू द्यायचं नाही. चिकटपट्टी लावू द्यायची नाही. पायाला धरून उचलू द्यायचं नाही. एवढं पहिल्या घटकेत सांभाळलं तर पुष्कळ वाचतं. तू सांग त्यांना. मी पण सांगते."

मला कळ आली होती. कळ ओसरल्यावर मी समोरच्या सीटकडे पाहिलं. नवऱ्याची मान दिसत होती. केस छान कापलेले.

"खरं आहे?" मी विचारलं.

मान हलली नाही.

"अरे, तुला विचारतेय. खरं आहे?"

"आई म्हणते माझ्याकडून जात नाही," तो काचेकडे बघत म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. ड्रायव्हरने गाडीचा वेग वाढवला, तो बहुधा माझ्या कळांमुळे नसावा. एवढा राग मला जन्मात आला नव्हता. नऊ महिने मी त्या माणसाबरोबर बाळाची नावं शोधत होते. नऊ महिन्यांत त्याला एक वाक्य सापडलं नाही.

हॉस्पिटलात मला सरळ आत नेलं. बरोबर एक जण चालेल, म्हणाले. मी म्हटलं, नणंद. ती आत आली, आणि सिस्टरने तिचे हात पाहिले.

"हे काय झालंय? हाताला काय इन्फेक्शन आहे?"

"इन्फेक्शन नाही. जन्माचं आहे. तेच सांगायला मी..."

"अहो, इथे बाळं जन्मतात! चला, बाहेर व्हा आधी."

"सिस्टर, ऐका, ती सांगतेय ते ऐका," मी ओरडले. "त्यांच्या घरात आजार आहे. बाळाची कातडी..." पुढे कळ आली आणि माझं बोलणं किंकाळीत गेलं. सिस्टर माझा खांदा थोपटत म्हणाली, "सगळ्याच घाबरतात, बाई." पण ती वाईट नव्हती. तिने दार उघडलं, नणंदेला बाहेर काढलं आणि उघड्या दारातून माझ्या नवऱ्याला विचारलं. मी पलंगावरून ऐकत होते. शब्द न् शब्द ऐकला.

"तुमच्या घरात कातडीचं काही आहे का हो? पेशंट काहीतरी सांगतेय."

सासूबाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही, नाही. तसं काही नाही. ताई लहानपणी भाजली होती ना, म्हणून तिला उगाच भीती वाटते."

दार बंद झालं.

माणसं म्हणतात, तो तोंडात मूग गिळून बसला. मूग गिळून बसला असता तर बरं झालं असतं. तो बोलला. स्वतःच्या पायांत ते घेऊन उभा असलेला माणूस, सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात, नाही म्हणाला. बाहेर त्याची बहीण त्याच्या तोंडाकडे बघत राहिली असेल. मी बघू शकले नाही, मी त्याच्या मुलीला जन्म देत होते.

मुलगी झाली. तिचं रडणं ऐकलं आणि त्याच क्षणी दारावर धडाधड आवाज सुरू झाला.

आधी मला वाटलं काहीतरी पडलं. मग कळलं, कुणीतरी दोन्ही हातांनी दार बडवतंय. थांबत नव्हतं. बाहेर सासूबाईंचा आवाज, "अगं, काय करतेस! हात बघ, हात!" आणि तरी आवाज चालूच. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कपाटसुद्धा खांद्याने ढकलून लावलं, ती लाकडी दारावर उघडे तळहात आपटत होती.

इकडे सिस्टरने बाळाचा पाय घोट्याशी धरला होता आणि टॉवेलने पुसायला घेतलं होतं. मी "घासू नका" म्हणत होते, ते त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. बाळाची डॉक्टर वैतागून दाराकडे गेली, "कोण आहे? काय तमाशा आहे हा?" म्हणत तिने दार उघडलं.

समोर नणंद. तिने हात पुढे केले. तळहातांवर कातडी राहिली नव्हती. दोन्ही हातांची साल गुंडाळी होऊन मनगटाशी लोंबत होती आणि दारावर रक्त होतं.

"हे आत्ता झालं?" डॉक्टरने विचारलं. "दार वाजवून?"

"आत्ता," नणंद म्हणाली. "माझ्या आईलाही आहे. भावालाही आहे, तो खोटं बोलला. बाळाला घासू नका."

डॉक्टर गर्रकन वळली. "टॉवेल ठेव. आहे तसा ठेव! पाय सोड, हळू. कुठलीही पट्टी लावायची नाही."

सिस्टरने हात उचलला. माझ्या मुलीच्या डाव्या पायाची कातडी घोट्यापासून टाचेपर्यंत सुटून आली होती. खाली लाल मांस. एवढासा पाय. तिच्या बाकीच्या अंगाला टॉवेल लागला नव्हता. पाठ, हात, चेहरा, उजवा पाय, सगळं शाबूत होतं. मनगटाला चिकटवायचा नावाचा पट्टा सिस्टरच्या ट्रेमध्ये तयार पडलेला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर मनगट गेलं असतं, मग पाठ गेली असती. सिस्टर रडायला लागली. मी तिच्यावर कधीच रागावले नाही. तिने विचारलं होतं, आणि तिला खोटं सांगितलं गेलं होतं.

मागाहून मी नणंदेला विचारलं, "हातांचं काय होणार ते माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं म्हणूनच," ती म्हणाली. "बोलून कुणी ऐकेना. म्हटलं, दाखवू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आली आणि तिने आम्हाला सगळ्यांना बसवून समजावलं. मी पलंगावर, नणंद शेजारच्या खुर्चीत, दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले. सासूबाई भिंतीकडच्या बाकावर. नवरा खिडकीशी उभा. बाळ माझ्याजवळ, जाड मऊ गादीसकट, उलट्या शिवणीच्या झबल्यात. डॉक्टर झबलं बघून म्हणाली होती, "हे कुणी शिवलं? फार चांगलं केलंत." तिने बाळाला उचलायचं कसं ते दाखवलं: काखेत हात घालायचे नाहीत, एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, आणि ओढत न आणता उचलून ठेवायचं. आजार मुळापासून जाईल असं औषध देते, असं ती म्हणाली नाही. सांभाळायचं कसं ते सांगते, म्हणाली. ती खोटं बोलली नाही एवढ्यासाठीच मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"आणि तुमच्या घरात हा ज्या प्रकारचा आहे," ती म्हणाली, "त्यात आईला किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं. दर खेपेला नव्याने."

"मुलाकडूनही जातं?" नणंदेने विचारलं.

"बघताय ना," डॉक्टरने बाळाकडे हात केला. "वडिलांकडूनच आलंय."

"मुलीकडून जास्त जातं असं काही?"

"काहीही नाही. मुलगा, मुलगी, सारखंच."

"म्हणजे मला मूल झालं असतं तर त्याला कदाचित नसतंही?"

"निम्मी शक्यता नसण्याची. आणि असतं तरी तुम्हाला सांभाळता आलं असतं. तुमच्याइतकं कुणाला आलं असतं?"

डॉक्टर गेली. खिडकीशी माझा नवरा नाक ओढत होता. "मी घाबरलो," तो म्हणाला. "आई समोर होती, मी घाबरलो." मी म्हटलं, "घाबरलास ना? मग आता आयुष्यभर मुलीच्या टाचेकडे बघ आणि घाबर."

पण नणंदेचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती सासूबाईंकडे बघत होती. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"आई, याच्या पायांना होतं ते तू रोज बघायचीस. तुझ्या मामाच्याही पायांना होतं, मला आठवतंय. तरी याचं लग्न केलंस. माझं नको म्हणालीस. मलाच का ठेवलंस?"

सासूबाईंनी पदर नीट केला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्यांना खोटं सुचलं नाही, असं मला वाटतं. आयुष्यभर सुचत आलेलं ते नेमकं तिथे आटलं. त्या थोड्या चिडूनच म्हणाल्या, "मग माझ्या पट्ट्या कुणी केल्या असत्या?"

एवढंच. मुलीकडून जातं, बायकांकडून जातं, आणखी एक जीव भाजत ठेवशील, हे सगळं त्या एका वाक्यावर टेकवलेलं होतं. सकाळचं गरम पाणी, टब आणि समोरचं स्टूल रिकामं राहू नये म्हणून एका बाईला घड्याळजी मिळाला नाही, घर मिळालं नाही, मूल मिळालं नाही. मला ओरडायचं होतं. नणंदेने मान हलवून मला थांबवलं. तिला रडूही आलं नाही. ती फक्त म्हणाली, "अस्सं," आणि बाळाकडे तोंड करून बसली.

तिच्या हातांना बरे व्हायला फार दिवस लागले. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून भरली, ती आता वेगळी होत नाहीत. कात्री ती डाव्या हाताने धरायला शिकते आहे. तिच्या पट्ट्या मी करते. पहिल्यांदा केल्या तेव्हा तीच मला सांगत होती की ओढू नकोस.

घरी आलो त्याच्या पहिल्याच सकाळी सासूबाई खुर्चीत जाऊन बसल्या आणि हाक मारली. नणंद पलंगावर होती, हात मांडीवर ठेवून. ती उठली नाही. दुसऱ्यांदा हाक आली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "आई तुझी, आजार तुझा. जा."

तो गेला. तेव्हापासून रोज तोच करतो. अजून त्याला जमत नाही. घाई करतो, भिजू देत नाही, ओढतो. सासूबाई कळवळून ओरडतात, तो रडतो, आणि मध्येच थांबून मला हाक मारतो. मी त्या वेळी मुलीची टाच गुंडाळत असते. हाक मला ऐकू येते. मी जात नाही.